सेकंदाला साठ वेळा पुसलेला फळा

भूमितीमास्तरांनी मोबाइलचे ॲप स्वतःच्या हाताने लिहिण्याचा संकल्प केला, त्याला निमित्त झाली एक गादी.

ही गादी घरातली नव्हे, जाहिरातीतली. न्यूमोनियाने तीन आठवडे इस्पितळात काढून मास्तरीणबाई घरी परतल्या, तेव्हा फुप्फुसांच्या डॉक्टरांनी त्यांना नियम घालून दिला होता: सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटे संथ श्वसन, चार अंक मोजेपर्यंत श्वास आत आणि सहा अंक मोजेपर्यंत बाहेर. चाळिसाव्या दिवशी परीक्षा. इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यातून सहा मिनिटांत साडेतीनशे मीटर चालून दाखवले, तर विमानप्रवासाच्या दाखल्यावर सही. नाही तर नाही. दाखला तर हवाच होता. एकुलती एक लेक समुद्रापलीकडे होती, तिला सातवा महिना लागला होता, आणि "आई, तू जवळ असलीस की मला काही होणार नाही," हे ती फोनवर इतक्या सहज सांगे, की ऐकणाऱ्या दोघांना त्या दिवशी जेवताना बोलणे सुचत नसे.

पहिले पाच दिवस अंक मोजण्याचे काम मास्तरांनी पत्करले. एकतीस वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या मनुष्याला सहापर्यंत मोजता यावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. परंतु एकतीस वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या मनुष्याला मध्ये न बोलता सहापर्यंत मोजता येत नाही, हेही सत्य त्याच वेळी उघडकीस आले.

"अहो, चारवर थांबून खिडकीतून त्या दूधवाल्याला काय सांगत होतात?"

"सायकल भिंतीला समांतर लाव, काटकोनात पडेल, असं सांगत होतो."

"त्याची सायकल सावरली. माझा श्वास मात्र चारवरच लोंबकळत राहिला, त्याचं काय?"

सहाव्या दिवशी फुकट मिळणारे एक ॲप बाईंच्या फोनवर आले. त्यात एक वर्तुळ फुगे आणि आकसे. बाईंनी त्याबरहुकूम श्वास भरून घेतला, वर्तुळ पूर्ण फुगले, आणि नेमक्या त्या क्षणी ते अंतर्धान पावून त्याच्या जागी गादी प्रकट झाली. कण्याला आधार देणारी, दहा वर्षांच्या हमीची गादी. तीस सेकंद ती निरनिराळ्या अंगांनी दर्शन देत राहिली, आणि तीस सेकंद बाई श्वास कोंडून तिच्याकडे पाहत राहिल्या.

"अगं, सोडायचा होतास ना!" पाठ चोळत मास्तर म्हणाले.

खोकल्याच्या दोन उबळींमधून बाईंनी उत्तर दिले, "वर्तुळाने सांगितल्याशिवाय कसा सोडू?"

मास्तरीणबाईंचा हा आज्ञाधारकपणा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व अनर्थ त्यातूनच उद्भवले. वैद्याने, पुस्तकाने अथवा यंत्राने एकदा नियम सांगितला की बाई तो प्राणापलीकडे पाळत. या यादीत यजमानांचा अंतर्भाव कधीच नव्हता.

"मीच करतो," मास्तर उठत म्हणाले. "माझ्या ॲपात गादी येणार नाही."

ही वल्गना नव्हती. सेवानिवृत्तीनंतर मास्तरांनी प्रोग्रॅमिंगचा एक उशीएवढा ग्रंथ वर्षभर मनोभावे वाचला होता, आणि त्या तपाचे फळ म्हणून एक ॲप सिद्धही केले होते. त्याला तीन बाजूंची मापे दिली की ते त्रिकोण काढी, आणि त्या मापांचा त्रिकोण संभवत नसेल, तर "नीट विचार करून लिहा" असे खडसावी. ते वापरणारे जगात दोघेच होते. त्यांतले एक स्वतः मास्तर. दुसरे, मास्तरांना डिवचण्यासाठी मुद्दाम अशक्य मापे देणारे, समोरच्या दारातले भूगोलमास्तर.

हे दोघे एकाच शाळेत एकतीस वर्षे शेजारशेजारच्या वर्गांत शिकवीत आले आणि आता एकाच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर राहत होते. परस्परांना ते विषयाच्या नावानेच हाक मारीत. त्यांच्यातला मतभेद मूलभूत होता. भूगोलमास्तर वर्गात येत ते काखेत गुंडाळी मारून; खिळ्याला नकाशा टांगला की त्यांचा तास सुरू. भूमितीमास्तरांनी मात्र तयार तक्त्याला आयुष्यात स्पर्श केला नाही. प्रत्येक तासाला ते फळा स्वच्छ पुसत, आणि आकृती पहिल्या बिंदूपासून नव्याने रचीत; मागच्या तासाला, शेजारच्या तुकडीत, तीच आकृती काढली असली तरीही. "आकृती डोळ्यांदेखत जन्मली पाहिजे," असे ते म्हणत. "टांगलेली आकृती म्हणजे भुसा भरलेला वाघ." हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत भूगोलमास्तरांच्या उपस्थितीत उच्चारले गेले होते, आणि बावीस वर्षे ते तेथून हललेले नव्हते.

तेव्हा ॲपात फुगणारे वर्तुळ ठेवणे मास्तरांना शक्यच नव्हते. फुगणारे वर्तुळ म्हणजे फुगा. त्यांनी फूल योजले, बारा पाकळ्यांचे. श्वास आत घेताना ते उमलावे, सोडताना मिटावे. प्रत्येक पाकळी दोन कंसांच्या छेदातून सिद्ध व्हावी, तिच्यात सात शिरा असाव्यात, देठाकडून टोकाकडे रंग फिका होत जावा, आणि तिची सावली शेजारच्या पाकळीवर पडावी. सावली काही केल्या पडेना, तेव्हा इंटरनेटवरच्या कोणा परोपकारी गृहस्थाने सुचवलेली एक ओळ त्यांनी जशीच्या तशी उतरवून घेतली. सावली पडली. त्या ओळीचा अर्थ काय, हे विचारण्याइतकी कृतघ्नता त्यांनी दाखवली नाही.

चौदाव्या दिवशी सकाळी फूल बाईंच्या फोनवर अवतरले. भूगोलमास्तर आणि तळमजल्यावरचे विमा-एजंट साक्षीला बसले. बाईंनी पाठ ताठ केली. फूल उमलू लागले, बाईंची छाती भरू लागली.

फूल उमलतच राहिले.

"भूमिती, हे चार झाले का?" भूगोलमास्तरांनी हळूच विचारले. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे नऊ सेकंद झाले होते.

बाईंचे डोळे मोठे झाले. मग फूल मिटू लागले. ते मिटताना तर त्याने अशी सवड काढली, की एजंटांनी स्वतःच्याही नकळत "काकू, जीवन विमा..." असे म्हणून जीभ चावली. तेराव्या सेकंदाला बाईंच्या छातीतले सगळे संपले; फुलाच्या तीन पाकळ्या अजून उघड्याच होत्या. बाईंनी हाताने खूण केली, की अजून किती? आणि मग खुर्चीचा हात धरून खोकू लागल्या.

दोष शोधायला मास्तरांना तासभर लागला. प्रत्येक वेळी फूल काढून झाले की पाकळी एक पाऊल उघडायची, आणि ठरावीक पावले झाली की श्वास पुरा, असे त्यांनी रचले होते. त्यांचा संगणक सेकंदाला साठ फुले काढीत असे. बाईंचा फोन जुना. तो पंचवीसच काढू शके. म्हणजे घड्याळाऐवजी फोनच्या थकव्यावर बाईंचा श्वास मोजला जात होता. फोन जसजसा तापे तसतसा तो आणखी मंदावे, आणि बाईंचा श्वास त्या प्रमाणात लांबून आयुष्य आखूड होई.

पावलांऐवजी घड्याळ लावले. आता चार म्हणजे चारच झाले. परंतु एवढ्या वेळात जितकी फुले काढून होतील तितकीच दिसणार, आणि तापलेला फोन तर मध्येच अडून बसे. त्यामुळे फूल उमलण्याऐवजी दचकू लागले. बंद, मग अर्धे, मग एकदम पूर्ण. बाईंचा श्वासही त्याबरहुकूम तीन उड्यांत आत जाऊ लागला, आणि दुसऱ्याच मिनिटाला त्यांना उचकी लागली. ती संध्याकाळपर्यंत टिकली.

शिवाय फोन तापे. किती तापे, तर दहाव्या मिनिटाला बाई तो पदरात धरून बसत.

"काका, हे मेमरीमुळे होतं," एजंट म्हणाले. "फोटो पुसून टाका."

चारशे फोटो पुसले. फोन तापला.

"ते कव्हर काढा. त्याचाही श्वास कोंडतो," भूगोलमास्तर म्हणाले.

कव्हर काढले. आता तो थेट हाताला भाजू लागला.

"फ्रिजमध्ये ठेवा पाच मिनिटं. माझ्या मेव्हण्याने ठेवला होता," एजंटांनी सांगितले. मेव्हण्याच्या फोनचे पुढे काय झाले, हे त्यांनी सांगितले नाही, आणि मास्तरांनी विचारले नाही. विचारवंत माणसे निकडीच्या वेळी कशी अविचाराने वागतात, याचे हे उदाहरण पुढील पिढ्यांना उपयोगी पडेल. पाच मिनिटांनी फोन बाहेर काढला, तेव्हा त्याच्या काचेच्या आतल्या बाजूला दव पडले होते.

फोन कंपनीचे दुरुस्ती केंद्र दुसऱ्या मजल्यावर होते, आणि त्या इमारतीची लिफ्ट बंद होती. काउंटरवरच्या बाईंनी छापील अर्ज पुढे सरकवला. त्यात तीन चौकटी होत्या: पडला, भिजला, चालू होत नाही.

"यात 'तापला' असं कुठे आहे?" मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"तसा रकाना नाही काका. 'भिजला'वर खूण करा."

"पण भिजणं हा रोग नव्हे. तो उपचाराचा परिणाम आहे."

"म्हणजे?"

"तापला होता, म्हणून फ्रिजमध्ये ठेवला."

काउंटरवरच्या बाईंनी पेन खाली ठेवले. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारले, "काका, तुमच्याबरोबर घरातलं कोणी आलंय का?"

दुखावलेल्या प्रतिष्ठेने मास्तरांनी 'भिजला'वर खूण केली. पण अडचण निराळीच निघाली. फोन मास्तरीणबाईंच्या नावावर होता, आणि सही मालकिणीने समक्ष येऊन करायची होती.

"अहो, तिला जिना चढवत नाही. जिना चढता यावा, म्हणून तर हा फोन!"

"मग फोन दुरुस्त झाला की त्या येऊ शकतील ना?"

"येऊ शकेल."

"तेव्हा त्यांना घेऊन या, म्हणजे दुरुस्तीला घेते."

या युक्तिवादातले वर्तुळ इतके निर्दोष होते, की भूमितीच्या शिक्षकाला त्यावर बोट ठेवता येईना. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः आल्या. दोन मजले चढायला त्यांना बावीस मिनिटे लागली, चार ठिकाणी बसून. तिसऱ्या बैठकीला पायरीवर टेकून त्या नुसत्या समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या, ओठांचा रंग उतरला होता, आणि मास्तर दोन पायऱ्या खाली, पाण्याची बाटली धरून, उभे होते. साडेतीनशे मीटर. बाटलीचे झाकण त्यांनी विनाकारण तीनदा उघडले आणि लावले.

त्या दिवशी घरी परतल्यावर त्यांनी उशीएवढा ग्रंथ पुन्हा पहिल्या पानापासून उघडला.

फोन वाळून आला तो चोविसाव्या दिवशी. त्याच दुपारी भूगोलमास्तरांची सून बाईंच्या प्रकृतीची चौकशी करायला आली. ती मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत कामाला होती आणि घरूनच काम करी. दचकणारे फूल पाहून तिने मास्तरांचा प्रोग्रॅम मागितला. उत्तरपत्रिका दुसऱ्याच्या हाती देण्याचा मास्तरांच्या आयुष्यातला तो पहिलाच प्रसंग. ते हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभे राहिले.

"काका, फोनमध्ये कामाला दोघं असतात," सून म्हणाली. "एक शहाणा. अवघड हिशेब एकामागून एक करतो. दुसरा हमाल. त्याला हिशेबाचं डोकं नाही, पण हात शंभर. चित्र उचलायचं, सरकवायचं, फिरवायचं, लहानमोठं करायचं, हे तो झोपेतही करतो. तुम्ही सगळं त्या एकट्या शहाण्याकडून करून घेताय, म्हणून तो तापतो. दुसरा नुसता बसून आहे."

"बसून आहे? त्याला बसवलं कोणी?"

"तुम्हीच. ही ओळ बघा."

ती सावलीची ओळ होती. परोपकारी गृहस्थाने सुचवलेल्या त्या ओळीचा अर्थ असा होता, की या चित्रापुरता हमालाला हात लावू देऊ नये.

"हमालाला कामाला लावायचं, म्हणजे हार्डवेअर ॲक्सिलरेशन. तुमच्या फुलाला हार्डवेअर लेयर द्या, म्हणजे ते त्याच्या ताब्यात जाईल. मी उद्या येऊन बघते, आता माझी मीटिंग आहे."

मास्तरांनी तिच्या सांगण्याप्रमाणे ओळ बदलली. फूल आता पूर्वीपेक्षाही अधिक अडखळू लागले. पूर्वी ते दचकत होते; आता त्याला झटके येऊ लागले. फोन आठव्याच मिनिटाला तापला.

दुसऱ्या दिवशी सून आली ती सासऱ्यांसह. "हमाल मिळाला, आणि काम वाढलं," मास्तर जरा समाधानानेच म्हणाले. नवे शास्त्र तोंडघशी पडलेले पाहण्यात जुन्या माणसाला एक निर्मळ आनंद असतो.

सुनेने प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत वाचला. मग ती थांबली, वळली, आणि अत्यंत अदबीने म्हणाली, "काका, तुम्ही दर वेळी फळा पुसताय."

"म्हणजे?"

"सेकंदाला साठ वेळा तुम्ही अख्खं फूल पुसता आणि पहिल्या बिंदूपासून पुन्हा काढता. कंस, छेद, चौऱ्याऐंशी शिरा, रंग, सावल्या, सगळं. हमालाच्या डोक्यावर पेटी ठेवता, आणि त्याने पाऊल उचलायच्या आत ती उतरवून नवी पेटी ठोकायला घेता. तो चालणार कसा? चित्र एकदाच काढून त्याच्या हाती द्या. मग नुसतं सांगा, फिरव, मोठं कर. तो हलवत बसेल."

भूगोलमास्तरांनी खाकरून घसा साफ केला. बावीस वर्षे ते या घटकेची वाट पाहत होते, हे त्यांच्या खाकरण्यातूनच कळत होते.

"म्हणजे सूनबाई, तक्ता करून टांगायचा. एवढंच ना?"

"हो बाबा, तसंच काहीसं."

"भुसा भरलेला वाघ," भूगोलमास्तर छताकडे पाहत म्हणाले.

मास्तरांनी सुनेचे आभार मानले, दोघांना दारापर्यंत पोचवले, आणि पुढचे पाच दिवस समोरच्या दाराकडे पाहिले नाही. तक्ता टांगायचा नाही, हे त्यांचे ठरलेले होते. त्याऐवजी त्यांनी शिरा सातावरून पाच केल्या, पाचावरून तीन केल्या; रंग कमी केला; पाकळ्या बारावरून आठावर आणल्या आणि दुःख अनावर होऊन पुन्हा बारा केल्या. निश्चयाला त्यांच्याकडे तोटा नव्हता. तो कोणत्या दिशेने वळवावा, एवढाच प्रश्न होता.

एकतिसाव्या दिवशी सकाळी बाईंनी फोन टेबलावर पालथा ठेवला. हातात त्यांचे भरतकामाचे कापड होते. लेकीच्या बाळासाठी त्या दुपट्यावर फुले काढीत होत्या.

"अहो, इकडे या जरा. बसा."

मास्तर बसले.

"नऊ दिवस राहिलेत. मला फुगा चालेल, तक्ता चालेल, भुसा भरलेला वाघही चालेल. मला लेकीकडे जायचंय. तुमची प्रतिज्ञा तुम्ही माझ्या छातीवर का चालवताय?"

बाईंनी सुई कापडात खोचली आणि आवाज थोडा खाली आणला.

"बरं, मला एक सांगा. त्या बारा पाकळ्या सारख्याच आहेत ना?"

"सारख्या काय, एकरूप आहेत."

"मग बारा वेळा कशाला काढता? हे बघा." त्यांनी टोपलीतून पाकळीच्या आकाराचा एक कातरलेला कागद काढला, कडा मळलेल्या, मधे टाचणीचे भोक. "मी एकच करून ठेवलीय. टाचणी लावायची आणि फिरवायची. सगळं दुपटं याच्यावर झालं."

मास्तरांनी तो कागद हातात घेतला. उलटा केला. सुलटा केला. दुपट्यावरच्या एका पाकळीवर ठेवला. तो तंतोतंत बसला. फिरवून दुसरीवर ठेवला, बसला.

एक आकृती उचलून दुसरीवर ठेवली असता ती तंतोतंत जुळली, तर त्या आकृती एकरूप होत. हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षे फळ्यावर लिहिले होते. उचलून! आणि ते पटवण्यासाठी दर वर्षी ते मुलांना पातळ कागदावर त्रिकोण गिरवून, कागद सरकवून, फिरवून दाखवायला लावीत. पुसून पुन्हा काढलेली आकृती एकरूप आहे, याला पुरावा कोणता? पुरावा तर उचलण्यातच होता.

"हा तक्ता नव्हे," मास्तर हळूहळू उठत म्हणाले. त्यांच्या मुखावर वर्गात बरोबर उत्तर आल्यावर पसरे तशी प्रभा पसरली होती. "ही एकरूपता आहे!"

"काय हवं ते म्हणा, पण संध्याकाळच्या आत म्हणा," बाई म्हणाल्या, आणि सुईत दोरा ओवू लागल्या.

मास्तरांनी जन्मात केली नव्हती अशी गोष्ट त्या दिवशी केली. त्यांनी पाकळी एकदाच काढली. फुलाची जागा पडद्यावर ठरली, की त्याच वेळी, एकदाच: दोन कंस, सातही शिरा, फिका होत जाणारा रंग, आणि सावलीसुद्धा तिच्यातच रंगवून टाकलेली, म्हणजे परोपकारी गृहस्थाची ओळ कायमची रजेवर गेली. त्या एका पाकळीच्या बारा प्रती त्यांनी हमालाच्या बारा हातांत दिल्या, आणि शहाण्याला सांगितले, की आता तू काढू नकोस. घड्याळाकडे पाहा आणि प्रत्येक हाताला नुसते सांग, एवढे फिर, एवढे उघड. पुसायचे काहीच उरले नव्हते. पुसण्याची ओळ काढून टाकताना त्यांचे बोट क्षणभर बटणावर थबकले, एवढे नमूद करणे कथाकाराचे कर्तव्य आहे.

संध्याकाळी बाई खुर्चीत बसल्या. फूल उमलले. कोठेही न दचकता, न अडखळता, बारा पाकळ्या आपापल्या वाटेने अशा विलग झाल्या, की मास्तर स्वतःच श्वास घ्यायला विसरले. सहा अंकांत फूल मिटले. पुन्हा उमलले. विसाव्या मिनिटाला बाईंनी डोळे उघडले. त्या डोळे मिटून बसल्या आहेत, हे मास्तरांच्या ध्यानातच आले नव्हते.

"अगं, फूल पाहिलंस की नाही?"

"पहिली दहा मिनिटं पाहिलं. मग ते आतच दिसायला लागलं." त्यांनी फोन गालाला लावला. "आणि हा अजून गार आहे."

मास्तर उठले आणि समोरच्या दाराची घंटा वाजवली. भूगोलमास्तरांनीच दार उघडले.

"भूगोल," मास्तर ताठ उभे राहून म्हणाले, "मी तक्ता टांगला."

भूगोलमास्तरांनी त्यांच्याकडे पाहिले. बावीस वर्षे जपून ठेवलेली बरीच वाक्ये त्यांच्या ओठांपर्यंत आली असावीत. परंतु ते बाजूला सरले आणि म्हणाले, "खिळा पक्का आहे ना? मग आत या. चहा टाकतो."

"एकरूपतेचा तक्ता," आत जाताना मास्तरांनी दुरुस्ती केली.

चाळिसाव्या दिवशी इस्पितळाच्या व्हरांड्याच्या तोंडाशी एक कारकून टेबल मांडून बसला होता. परीक्षेच्या जागी मोबाइल नेण्यास मनाई होती. मास्तरांनी वाद घालण्यासाठी तोंड उघडले. बाईंनी फोन त्यांच्या खिशात घातला आणि त्या चालू लागल्या. हातात घड्याळ घेऊन एक परिचारिका बरोबर चालत होती. एक फेरी, दोन फेऱ्या, पाच. चौथ्या मिनिटाला बाई भिंतीला हात लावून थांबल्या. मास्तर बाकावरून उठले. कारकुनाने बसा म्हणून खूण केली. बाईंनी डोळे मिटले होते. त्यांच्या उजव्या हाताची मूठ सावकाश उघडत होती, पाचही बोटे विलग होत होती, आणि मग तितक्याच सावकाश मिटत होती. दोनदा. तिसऱ्यांदा मूठ उघडली, तेव्हा पाऊलही उचलले गेले.

तीनशे अठ्ठावन्न मीटर.

दाखल्यावर डॉक्टरांची सही झाली, पण कारकुनाचा एक रकाना राहिला होता. "व्यायामाचं साधन? श्वासाने चेंडू उचलायची नळी, की मंजूर यादीतलं ॲप?"

"फुलाचं ॲप," मास्तर पुढे सरसावले. "बारा पाकळ्यांचं. हार्डवेअर..."

"यादीत नाही."

"मग 'इतर' असं लिहा," बाई म्हणाल्या.

"इतर म्हणजे काय, ते स्पष्ट लिहावं लागतं."

बाईंनी यजमानांकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिले. "यजमान, असं लिहा."

कारकुनाने लिहिले आणि शिक्का मारला. या नोंदीने आपला सन्मान झाला की आपल्याला नळीच्या रांगेत बसवले गेले, याचा निर्णय मास्तरांना घरी पोचेपर्यंत करता आला नाही.

घरच्या इमारतीत लिफ्ट असूनही बाईंनी त्या दिवशी जिनाच धरला, आणि विचारात मास्तर तो भरभर चढले असावेत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांची छाती भरून आली, आणि कठडा धरून ते उभे राहिले. बाई तोवर न थांबता वरच्या पायरीपर्यंत गेल्या होत्या. त्या वळल्या, दोन पायऱ्या उतरल्या, यजमानांच्या खिशातून फोन काढला, आणि त्यांच्या नाकासमोर धरला.

फूल उमलू लागले.

"चारपर्यंत," बाई म्हणाल्या. "आणि मध्ये बोलायचं नाही."